दिलेल्या मुली आम्ही मोजल्याच नाहीत

मला फुप्फुसाचा कर्करोग झालाय हे कळल्यावर भेटायला येणारा प्रत्येक जण आधी माझ्या नवऱ्याकडे बघायचा. "तुम्ही सिगरेट ओढता का हो?" हे बिचारे सुपारीच्या खांडालाही कधी शिवले नाहीत. यांची सुटका झाली की मग हळू आवाजात मला विचारायचे, "मग तुम्ही मशेरी वगैरे?" मीही नाही. मी वाशीच्या एका शाळेत चौथीला शिकवत होते, त्यामुळे खडूची भुकटी तेवढी पोटात गेली असेल. मग गाडी तुर्भ्याच्या कारखान्यांवर यायची. तिथे मात्र सगळ्यांचं एकमत व्हायचं आणि चहा घेऊन मंडळी उठायची.

मी बरी झाले असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत. "सध्या काही दिसत नाही," एवढंच म्हणतात. तेवढ्यावर मी शाळेत जाते, वर्गावर ओरडते, आणि ओरडून झालं की खुर्चीत बसून दम खाते. हे लिहायला बसले कारण आमच्या घरात माणसं मोजताना एक चूक झाली. ती फक्त आमच्याच घरात झाली असेल असं मला वाटत नाही.

खोकला

सुरुवात साध्या खोकल्याने झाली. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी आधी खोकल्याचं औषध दिलं, मग छातीचा फोटो काढायला लावला. फोटोत डाग दिसला. त्या दिवसांत छातीत डाग म्हणजे टीबी, यात कुणाला शंका नसायची. मलाही नव्हती. टीबीच्या गोळ्या चालू झाल्या, लघवी लाल व्हायला लागली, आणि सोसायटीतली मुलं माझ्याकडे शिकवणीला यायची बंद झाली. त्यांच्या आया जिन्यात भेटल्या की लांबूनच छान हसायच्या. मला राग यायचा. पण त्यांच्या जागी मी असते तर मीही माझ्या मुलीला, मीनलला, पाठवलं नसतं.

गोळ्यांनी वजन वाढायला हवं होतं, ते घटत गेलं. एके दिवशी वर्गात पाढे म्हणून घेताना रुमालावर रक्त पडलं. मग पुलापलीकडे, मुंबईतल्या मोठ्या रुग्णालयात गेलो. तिथे घशातून दुर्बीण घालून तुकडा काढला. त्या तपासणीबद्दल एवढंच सांगते, की आधी जितकी भीती वाटते तितकं ते वाईट नसतं, आणि नंतर चहा गार करूनच प्यावा.

"तुम्ही जरा बाहेर या"

निकालाच्या दिवशी डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. यांना म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या."

मी चौथीची मास्तरीण. कोण काय लपवतंय हे मला चेहऱ्यावरून कळतं. मी म्हटलं, "डॉक्टर, छाती माझी आहे. बाहेर जायचं तर मी जाते, यांना कशाला पाठवता?"

डॉक्टर पन्नाशीचे, थकलेले, पण माणूस भला. ते खुर्चीत बसले आणि मला सरळ सांगितलं. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गाठ आहे, कर्करोगाची आहे, पण एका जागी आहे, म्हणून ऑपरेशन करता येईल. हे सांगताना त्यांनी आवाज खाली केला नाही, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. यांनी माझा हात धरला होता. मी रडले नाही. घरी आल्यावर कुकर लावताना तांदळात पाणी किती घालायचं ते आठवेना, तेव्हा रडले.

दोन आत्या

भरती झाल्यावर डॉक्टर सगळं विचारून घ्यायला बसले. घरात कुणाला असा आजार होता का?

माझं माहेर खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं. मी म्हटलं, "आमचे आजोबा छातीने गेले. काका छातीने गेले. बाबाही." नाव कुणाच्याच आजाराला नव्हतं. कुणी म्हणायचं दमा, कुणी म्हणायचं क्षय. सगळे बिड्या ओढायचे. पण गावात खरं कारण घर मानलं जायचं. भगताने सांगितलं होतं, ही जागा माणसं खाते. बाबा गेले तशी हरीदादाने, माझ्या थोरल्या भावाने, ते घर पाडलं आणि पलीकडच्या आळीत स्लॅबचं नवं घर बांधलं. तेव्हापासून आमच्या घरावरचं संकट टळलं असं सगळे धरून चालले होते. मी डॉक्टरांना हसतच म्हटलं, "आणि मी तर वाशीत राहते, चौथ्या मजल्यावर."

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "बायकांपैकी कुणी?"

"बायकांना नाही आमच्यात."

"वडिलांना बहिणी होत्या?"

"होत्या दोन. एक करंजाड्याला दिलेली, एक उरणला."

"त्या कशाने गेल्या?"

मला माहीतच नव्हतं. दोन्ही आत्या गेल्याचा निरोप आला होता, आम्ही अंघोळी केल्या होत्या, आणि तिथे ते संपलं होतं. मुलगी दिली की तिचं दुखणंखुपणं दिल्या घरचं. आमच्या घरात किती माणसं छातीने गेली हे गावात कुणालाही विचारलं असतं तरी त्याने तीन नावं सांगितली असती, तिन्ही पुरुषांची.

हे दुसऱ्याच दिवशी बस पकडून करंजाड्याला गेले. हे साताऱ्याकडचे, या भागातल्या आमच्या पाहुण्यांना ओळखतही नव्हते. तिथे आत्याच्या सुनेने त्यांना भाकरी खायला घातली आणि सगळं सांगितलं. करंजाड्याची आत्या खोकून खोकून गेली. उरणच्या आत्याला तर तिच्या मुलांनी मुंबईला आणून दाखवलं होतं, तिथे डॉक्टरांनी कर्करोगच सांगितला होता. दोघींनी जन्मात बिडी हातात धरली नव्हती. दोघी लग्नानंतर त्या घरात राहिल्या नव्हत्या.

एवढं सांगून झाल्यावर हे माझ्या पायाशी खाटेवर बसले. म्हणाले, "सुमन, घराचं काही नव्हतं गं ते."

डॉक्टरांनी काय सांगितलं

पुस्तकी माहिती मी लिहिणार नाही, मला ती येतही नाही. डॉक्टरांनी समजावलं ते असं. धूर, धूळ, बिडी यांतून जे विष आत जातं ते शरीर मोडून बाहेर टाकतं. त्या विषाने आत जे बिघडतं तेही दुरुस्त करतं. हे काम कसं करायचं ते आपल्याला आईकडून आणि बापाकडून मिळतं, आणि माणसागणिक त्यात थोडा थोडा फरक असतो. काही घराण्यांत हा फरक असा असतो की काम जरा कमी पडतं. मग इतरांना जे सोसतं ते त्यांना सोसत नाही. नेमका फरक कुठला ते ओळखणारी तपासणी आज आपल्याकडे नाही, जगात शोध चाललाय.

"म्हणजे मला होणारच होता?"

"नाही. धोका जास्त होता. धोका असलेले कितीतरी जण म्हातारे होऊन साध्या तापाने जातात."

मग मी खरा प्रश्न विचारला. "माझ्या मुलीचं काय?"

"तिला अर्धं तुमच्याकडून मिळालंय, अर्धं वडिलांकडून. त्या अर्ध्यात हे आलं की नाही ते मला सांगता येणार नाही. तिने धुरापासून लांब राहावं आणि खोकला अंगावर काढू नये." थोडं थांबून ते म्हणाले, "आणि आडनाव बदललं की हे बदलत नाही बरं का, बाई. तुमच्या भावाला मात्र लवकर घेऊन या. बिडी ओढतात ना?"

ओढतो. दिवसाला बंडल.

त्या दिवसापासून माझ्या आजारपणात माझी गाठ मागे पडली आणि दादा पुढे आला.

वॉर्ड

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आयाबाईंनी मला नखं कापायला लावली, बांगड्या उतरवल्या. मंगळसूत्र काढताना हे दुसरीकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, "लगेच दुसरी बघू नका." हे हसले नाहीत. आता लिहिताना वाटतं, बोलायला नको होतं, पण तेव्हा काहीतरी बोलल्याशिवाय मला राहवेना.

फुप्फुसाचा एक भाग काढला. शुद्ध आली तेव्हा छातीतून नळी बाहेर आलेली होती आणि प्रत्येक श्वास कुणाची तरी परवानगी मागून घ्यावा तसा येत होता. रोज सकाळी फुगा फुगवायचा व्यायाम. फुगा माझ्याकडे बघून नुसता लोंबायचा. शेजारच्या खाटेवर सोलापूरकडच्या एक काकू होत्या, पक्क्या माळकरी. त्या मला म्हणायच्या, "फुगव गं, आज लिंबाएवढा तरी कर." ज्या दिवशी तो मोसंबीएवढा झाला त्या दिवशी त्यांनी वॉर्डभर साखर वाटली.

वहिनी गावाहून डबा पाठवायची, निवटीच्या मासळीचं पातळ कालवण आणि तांदळाची भाकरी. झाकण उघडलं की काकू नाकाला पदर लावून भिंतीकडे तोंड करायच्या. "खा तू, मला काही होत नाही," असं भिंतीला सांगायच्या. मला त्या घासांनी उभं केलं हे खरं आहे. डबा आणणारा मात्र वहिनीचा भाऊ असायचा. दादा येत नव्हता.

रात्री दिवे मालवले की भीती यायची. मरणाची होती, तशी मीनलचीही होती, आणि त्या भीतीला नाव नव्हतं. मी तिला माझं नाक दिलंय, माझा हट्टीपणा दिलाय, हे मी कौतुकाने सांगत आले होते. आता तिच्याकडे बघितलं की आणखी काय दिलं असेल ते मनात यायचं. ती मात्र माझे केस विंचरता विंचरता कॉलेजातल्या गमती सांगायची. तिला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आई, नाक तर लपवता येत नाही. हे निदान दिसत तरी नाही."

दादा आला

मी घरी आल्यावर दादा वहिनीला घेऊन आला. हातात पापलेटं, अंगावर धुतलेला सदरा. मी खाटेवर, तो खुर्चीच्या टोकावर. मी त्याला सगळं सांगितलं, दोन्ही आत्यांचंही.

तो ऐकून म्हणाला, "बाय, त्या तुर्भ्याच्या कंपन्यांचा धूर हाय यो. तू हितं ऱ्हायलीस म्हून झाला."

"आत्या तुर्भ्याला राहत होत्या का?"

"त्या दिलेल्या पोरी. त्यांच्या घरचा आपल्याला काय म्हाईत? आपलं घर मी कवाच पाडला. आता आपल्या घरात काय नाय."

"दादा, एकदा छातीचा फोटो काढ. आणि बिडी सोड."

तो उठला. दारात वहिनी चप्पल घालत होती, ती परत आत आली आणि माझ्याजवळ वाकली. "ताई, हात जोडते. वंदनाचं जमलंय. सासरच्यांना कळलं, का रक्तात आजार हाय, तर पोर घरी बसल माजी. लगीन होऊन द्या. मंग काय ते बोला."

तिची चूक नव्हती. मी वंदनाला अंगाखांद्यावर खेळवलंय. पण लग्नाला अजून वेळ होता, आणि जाताना जिन्यात दादा खोकला. बिडी ओढणारा माणूस खोकतोच. तरी मी दार लावून घेतल्यावर तिथेच बसले.

मग निरोपांवर निरोप धाडले. हे स्वतः दोनदा जाऊन आले. दादा यांना मासळी द्यायचा, आदराने बसवायचा, आणि विषय निघाला की होडीकडे जातो म्हणून उठायचा.

पहिली हळद

आमच्या घरात नवरीला पहिली हळद आत्या लावते. आत्याने हात लावल्याशिवाय दुसरी कुणी बाई पुढे होत नाही. दादा वहिनीला घेऊन मानाचं आमंत्रण द्यायला आला, नारळ आणि हिरवी साडी घेऊन. मी तेव्हा छातीवर किरणांचे शेक घेत होते, घसा सोलवटला होता, बोलताना धाप लागत होती. कदाचित म्हणूनच थोडक्यात बोलले.

"दादा, साडी परत ने."

"म्हंजे?"

"माझा आजार तुझ्या घरचा नाही, असं तूच म्हणालास. मग मीही तुझ्या घरची नाही. घरची नाही तर हळद कशाला लावू? दुसरी आत्या शोध."

वहिनी रडायला लागली. दादाचं तोंड काळवंडलं. "पोरीच्या लग्नात आडवी येतेस?"

"येते."

"मना मराचा हाय तवा मरन. तुला काय कराचा हाय?"

"बाबांना जाळून सगळे परत आले तेव्हा तू मला धरून ठेवलं होतंस. तुला जाळल्यावर मला कोण धरेल?" हे मी ओरडून बोलले आणि पुढे बोलता येईना, खोकल्याने अर्धी झाले. हे धावत आले. दादा उभाच होता. मग तो गेला. साडी खुर्चीवर राहिली.

त्यानंतर काही दिवस मी स्वतःला खूप बोल लावले. आजारी माणसाच्या हातात फार थोडी ताकद असते, आणि होती तेवढी मी एका पोरीच्या हळदीवर लावली होती. मीनलने साडी घडी घालून कपाटात ठेवली.

हळदीच्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात दादा. दाढी केलेली, गळ्यात नवा रुमाल.

"चल," म्हणाला.

"कुठे?"

"फोटो काढाला. छातीचा. यो झाला का तिकरनंच हळदीला."

बाजारपेठेतल्या एका गाळ्यात आम्ही गेलो. आयुष्यभर वादळात होडी घालणारा माझा भाऊ त्या थंडगार पाटीला छाती लावून डोळे मिटून उभा राहिला. आतला माणूस म्हणाला, "श्वास घ्या. रोखा." दादाने रोखला. "सोडा" म्हटल्यावरही त्याने लगेच सोडला नाही. बाहेर आल्यावर त्याने खिशातून बंडल काढलं, माझ्या हातात दिलं आणि सदऱ्याची बटणं लावत बसला. बटणं त्याने चुकीची लावली होती, ती मी नीट केली.

त्या संध्याकाळी मी हिरवी साडी नेसून वंदनाला पहिली हळद लावली. निकाल दोन दिवसांनी येणार होता. तिच्या गालाला हात लावताना माझं सगळं लक्ष मांडवात नाचणाऱ्या तिच्या बापाकडे होतं. तो मध्येच थांबून कंबरेवर हात ठेवायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा नाचायचा.

डाग

दादाच्या छातीत डाव्या बाजूला डाग निघाला. तुकडा काढला, तोच आजार. लहान होता. डॉक्टर म्हणाले, आणखी थांबले असते तर मी हात लावू शकलो नसतो.

ऑपरेशननंतर वंदनाचे सासरे भेटायला आले. वहिनी पदराखाली तोंड लपवून कोपऱ्यात उभी. दादाने नळ्या लागलेल्या अवस्थेत स्वतःच सांगितलं, "याही, हे आमच्या घरात हाय. माज्या बापाला, दोन्ही आत्यांना, हिला, मना. तुमाला आदी सांगाला पायजे होता."

व्याह्यांनी खाटेची दांडी धरली. मग म्हणाले, "आमच्यात घराघरात साखर हाय. आमी तरी कुटं सांगितला?" आणि वंदनाला म्हणाले, "बापाला फुगा फुगवून दाखव गो."

माझं फुप्फुस उजवं कमी, दादाचं डावं. कोळीवाड्यात आमची चेष्टा होते, दोघं मिळून एक माणूस धावतो म्हणून. दादा आता समुद्रावर जात नाही, अंगणात जाळी विणतो. बिडी गेली. तो गप्प झालाय, हेही खरं. आम्ही दोघंही ठरलेल्या दिवशी तपासायला जातो आणि निकाल येईपर्यंत एकमेकांना फोन करत नाही.

उरण

एके दिवशी जाळं बाजूला सारून दादा म्हणाला, "उरनला जावा लागल. आत्याचे दोन पोरगे हायत."

आत्या गेल्यापासून आमच्यातलं कुणी तिकडे फिरकलं नव्हतं. आम्ही एसटीने गेलो. घर चढावर होतं. चढताना तो थांबला की मी थांबायचे, मी थांबले की तो. लोक आमच्याकडे बघत होते. दारापाशी पोचलो तेव्हा दोघांनाही बोलण्याएवढा दम उरला नव्हता, म्हणून आम्ही आधी कठड्याला टेकलो. आतून कुणाचातरी खोकण्याचा आवाज आला. दादाने माझ्याकडे बघितलं आणि कडी वाजवली.

चाळिशीचा एक माणूस बाहेर आला, बोटांत बिडी. त्याने आम्हाला ओळखलं नाही.

"कोन तुमी?"

दादाने टोपी काढली. "आमी तुज्या आयच्या घरची," तो म्हणाला. "आत येऊ का? तुज्याशी बोलाचा हाय."